पन्नास तासांचं पुढे काय होतं? भाषा-शिक्षकांच्या प्रशिक्षणावरचं संशोधन वाचताना

शोधगंगेवर जा आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या परिणामकारकतेवरचे तीन-चार प्रबंध उघडून बघा. सांगाडा बहुतेक वेळा सारखाच दिसेल. पहिल्या प्रकरणात धोरणं, दुसऱ्यात पूर्वसंशोधनाचा आढावा, तिसऱ्यात पाच बिंदूंची पदनिश्चयन श्रेणी, चौथ्यात टक्केवारीचे तक्ते. पाचव्या प्रकरणात निष्कर्ष येतो की बहुसंख्य शिक्षकांना प्रशिक्षण उपयुक्त वाटलं, आणि त्याखाली शिफारस असते की प्रशिक्षणाचे तास वाढवावेत.

आजची पोस्ट या निष्कर्षावर आणि या शिफारशीवर आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन विषय शोधताय, आणि 'इंग्रजी शिक्षकांचं प्रशिक्षण' हा विषय यादीत हमखास असतो. विषय उत्तम आहे. पण तो जसा हाताळला जातो त्यात एक मोठी गफलत आहे, आणि ती लक्षात न घेता तुम्ही चार वर्षं घातलीत तर हाती फक्त फीडबॅक फॉर्मचा गोषवारा राहील. मी मूळची संख्याशास्त्राची, आता शिक्षणातल्या मोजमापावर काम करतेय. त्यामुळे माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: नेमकं मोजलं काय?

४९ आणि ५०

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. हेतू चांगला आहे. पण धोरणात आकडा आला की तोच मोजला जातो. दीक्षा अ‍ॅपवर मॉड्यूल पूर्ण केलं, प्रमाणपत्र डाउनलोड केलं, तास भरले. नंतर वर्गात काय झालं, हे त्या प्रमाणपत्रावर कुठेच नसतं.

संशोधनाच्या बाजूलाही याच्या शेजारचाच एक आकडा वर्षानुवर्षं फिरतोय: ४९ तास. तो येतो यून आणि सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिकेत केलेल्या आढाव्यातून. पूर्वसंशोधनाच्या प्रकरणांत तो हमखास भेटतो, तो असा: सरासरी ४९ तासांच्या प्रशिक्षणाने विद्यार्थ्यांची संपादणूक २१ शततमकांनी वाढते. शततमक म्हणजे आपण सीईटीच्या निकालात बघतो ते पर्सेंटाइल. म्हणजे बरोबर मध्यावर असलेला विद्यार्थी ७१व्या शततमकापर्यंत जाईल. ऐकायला फार भारी वाटतं.

आता तोच आढावा जरा सावकाश वाचू. सुरुवातीला १,३०० हून अधिक अभ्यास गोळा केले गेले. त्यातले पुराव्याच्या निकषांवर टिकले फक्त ९. तेव्हा पहिली शिकवण २१ शततमकांची नाहीच. या विषयावर ढीगभर संशोधन होतं आणि त्यातल्या फारच थोड्यावर विश्वास ठेवता येतो, ही ती शिकवण.

दुसरी गोष्ट. त्या ९ अभ्यासांमध्ये प्रशिक्षणाचे तास ५ पासून १०० पर्यंत होते. ४९ ही त्यांची सरासरी. एखाद्या सोसायटीतल्या माणसांचं सरासरी वय ३४ असेल म्हणून तिथे ३४ वर्षांचा माणूस असेलच असं नाही, आणि ३४ हे उत्तम वय आहे असं तर अजिबात सिद्ध होत नाही. आढाव्यातून इतकंच दिसतं की १४ किंवा त्याहून कमी तासांच्या अभ्यासांत ठोस परिणाम आढळला नाही, जास्त तासांच्या अभ्यासांत आढळला. पण ज्या प्रशिक्षणांना जास्त तास मिळाले, त्यांना बाकीच्याही गोष्टी जास्त मिळाल्या असू शकतात. तासांचा परिणाम त्या गोष्टींपासून वेगळा काढायला ९ अभ्यास पुरत नाहीत.

तिसरी गोष्ट आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. या नऊही अभ्यासांत प्रशिक्षण थेट शिक्षकांना दिलं गेलं, आणि देणारे स्वतः संशोधक किंवा त्यांचे सहकारी होते. आपल्याकडे काय होतं? राज्यस्तरावर साधनव्यक्ती तयार होतात, त्या जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला, आणि शेवटी केंद्रातल्या शिक्षकापर्यंत पीपीटी पोहोचते. अमेरिकेतल्या आढाव्यात मोजली गेली ती ही साखळी नव्हेच. तिथला आकडा उचलून इथल्या साखळीला लावणं म्हणजे गावठी कोंबडीच्या रश्श्याची कृती वाचून त्यात सोयाबीन टाकणं आणि चव तीच येईल म्हणणं.

आणि चौथी: ते अभ्यास प्राथमिक शाळेतल्या गणित, विज्ञान आणि वाचन-भाषा यांवरचे होते. द्वितीय भाषा हा त्यांचा प्रश्नच नव्हता.

द्वितीय भाषेचा शिक्षक वेगळा का?

गणिताच्या शिक्षकाला अपूर्णांक येतात. ते शिकवायचे कसे, हा त्याचा प्रश्न असतो. द्वितीय भाषेच्या शिक्षकाकडे भाषा हाच विषय आणि भाषा हेच साधन. त्याला ती भाषा अस्खलित येत नसेल, तर पद्धत कितीही उत्तम शिकवा, वर्गात ती भाषा कानावर पडणारच नाही. आणि भाषा अस्खलित येत असेल पण ती 'दुसरी' म्हणून कशी शिकवायची ते माहीत नसेल, तर अडचण उलट्या बाजूने येते. ही दोन दुखणी वेगळी आहेत. औषधही वेगळं हवं.

पहिलं दुखणं महाराष्ट्राने २००० साली मोठ्या प्रमाणावर अंगावर घेतलं. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. (चिंचवडचं नाट्यगृह ज्यांच्या नावाने आहे, तेच.) त्याआधी इंग्रजी पाचवीपासून होतं. म्हणजे जे शिक्षक स्वतः पाचवीत एबीसीडी शिकले, त्यांना सहा वर्षांच्या मुलांशी इंग्रजीतून बोलायचं होतं. निर्णयामागे समतेचा विचार होता आणि तो मला पटतो. पण मुलांच्या पाठ्यपुस्तकात इंग्रजी एका वर्षात येऊ शकतं, शिक्षकाच्या जिभेवर ते एका वर्षात येत नाही.

नंतर बरेच प्रयत्न झाले. राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी मिळून राबवलेला 'तेजस' हा त्यातला एक. त्यातली कल्पना मला महत्त्वाची वाटते: एकदाच पाच दिवसांची कार्यशाळा घेण्याऐवजी जवळपासच्या शाळांतल्या शिक्षकांचे गट करायचे, ते पुन्हा पुन्हा भेटणार, वर्गात काहीतरी करून बघणार आणि पुढच्या भेटीत त्यावर बोलणार. इथे एकूण तासांपेक्षा दोन भेटींमधला काळ जास्त महत्त्वाचा, कारण शिक्षक नवी गोष्ट करून बघतो ती त्या काळात.

परिणाम दिसला नाही, असं सांगणारा अभ्यास

आता असा एक अभ्यास, जो पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात फारसा दिसत नाही. बीजिंगमध्ये खेड्यांतून आलेल्या स्थलांतरित कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात. तिथल्या इंग्रजी शिक्षकांवर यादृच्छिक प्रयोग झाला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे मुख्य लेखक झांग. काही शिक्षकांना अल्प मुदतीचं, सघन प्रशिक्षण दिलं, काहींना दिलं नाही, आणि कोणाला द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. नंतर शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची, दोघांचीही इंग्रजीची चाचणी घेतली. दोन्हींकडे जवळपास काहीच फरक पडलेला नव्हता.

यावरून प्रशिक्षण निरुपयोगी ठरतं का? नाही. एका शहरात, एका प्रकारच्या शाळांत, एका प्रकारच्या छोट्या प्रशिक्षणाचा परिणाम दिसला नाही, एवढंच ते सांगतं. पण प्रयोगाची रचना बघा. त्यांनी शिक्षकाची भाषा स्वतंत्रपणे मोजली. म्हणून आपल्याला कळतं की साखळी कुठे तुटली: मुलांपर्यंत पोहोचण्याआधी, शिक्षकाच्या स्वतःच्या इंग्रजीपाशीच. मुलांचे गुण तेवढे मोजले असते तर हे कधीच कळलं नसतं. आणि शिक्षकांना फक्त 'आवडलं का?' विचारलं असतं, तर तुटलेला दुवाच दिसला नसता.

दुसरा अभ्यास आपल्याच राज्यातला. हे, लिंडन आणि मॅक्लाउड यांनी 'प्रथम'च्या इंग्रजी कार्यक्रमावर यादृच्छिक प्रयोग केले. तो शोधनिबंध २००८चा. कार्यक्रम काही ठिकाणी बाहेरून आलेल्या लोकांनी राबवला, काही ठिकाणी शाळेतल्याच शिक्षकांनी. काही मुलांना चित्राला स्पर्श केला की शब्द उच्चारणारं यंत्र दिलं, काहींना शिक्षकाने घेतलेले खेळ-उपक्रम. इंग्रजी सगळ्याच प्रकारांत सुधारलं. पण बाहेरच्यांनी राबवलं तिथे फक्त इंग्रजीच सुधारलं, शिक्षकांनी राबवलं तिथे गणिताचे गुणही वाढले. आणि मागे पडलेल्या मुलांना शिक्षकाच्या उपक्रमांचा जास्त फायदा झाला, पुढे असलेल्या मुलांना यंत्राचा.

यात संशोधकासाठी दोन धडे आहेत. सरासरी परिणाम सांगून थांबलात तर 'कोणत्या मुलाला काय उपयोगी' हे झाकलं जातं. आणि साहित्य की शिक्षक, हा प्रश्नच चुकीचा मांडला जातोय. साहित्य कोणाच्या हातात आहे त्यावर त्याचा परिणाम बदलतो. या अभ्यासाची मर्यादाही सांगायला हवी: त्यात कार्यक्रम तपासला गेलाय, शिक्षकाचं प्रशिक्षण स्वतंत्रपणे तपासलेलं नाही. तुमच्या प्रबंधात हा संदर्भ देताना ते वाक्य नक्की लिहा.

आणि मराठीचं काय?

आतापर्यंत मी सगळं इंग्रजीबद्दल बोलले, कारण संशोधनही बहुतेक त्याबद्दलच आहे. आता मला खटकणारी गोष्ट. आपण 'द्वितीय भाषेचा शिक्षक' म्हटलं की डोळ्यांसमोर इंग्रजीचे सर येतात. मी राहते त्या चऱ्होलीत बघा. चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. एका बाजूला आळंदी, पलीकडे चाकणचे कारखाने, आणि शेतांच्या जागी सोसायट्या. कारखान्यात काम करायला आणि बांधकामांवर राबायला उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, कर्नाटकातून आलेली कुटुंबं इथे राहतात. त्यांची मुलं मराठी शाळेत बसली की त्या वर्गावरचे सर-मॅडम आपोआप द्वितीय भाषेचे शिक्षक होतात. तसं त्यांना कोणी सांगितलेलं मात्र नसतं.

इंग्रजी माध्यमाच्या बाजूने दुसरा बदल आला. फेब्रुवारी २०२०मध्ये विधिमंडळाने मराठी सक्तीच्या अध्यापनाचा कायदा एकमताने मंजूर केला. सर्व मंडळांच्या शाळांत मराठी टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि उल्लंघनासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला गेला. २०२३ साली कोविडमुळे झालेल्या अडचणींचं कारण देत इतर मंडळांच्या शाळांतल्या एका तुकडीला सवलत मिळाली: गुणांऐवजी श्रेणी. दंड आणि श्रेणी यांची चर्चा भरपूर झाली. हे शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हातात काय द्यायचं, ही चर्चा त्या मानाने फारच कमी.

आणि इथे दुखणं दुसऱ्या प्रकारचं आहे. या शिक्षकांची मराठी उत्तम असते. पण बी.एड.ची मराठी अध्यापन पद्धती बहुतेक वेळा हे गृहीत धरते की मूल घरून मराठी घेऊन आलंय. म्हणून कवितेचं रसग्रहण, निबंध, वाक्प्रचार यांचे पाठ टाचण चोख जमतं. 'मी रोटी खाल्ला' म्हणणाऱ्या मुलाचं काय करायचं, ते मात्र त्यात नसतं.

थोडं खोलात जाऊ, कारण व्यावसायिक विकास म्हणजे काय ते इथेच दिसतं. हिंदी बोलणाऱ्या मुलाकडे दोन लिंगं आहेत. त्याला 'मी केळं खाल्लं' मधलं नपुंसकलिंग नवीन आहे. ओडियात व्याकरणिक लिंगच नाही. त्या मुलाला 'भात खाल्ला, पोळी खाल्ली' इथूनच सुरुवात करायची आहे. उलट 'ळ' ओडिया मुलाला घरचाच, प्रमाण हिंदी बोलणाऱ्याला परका. 'आम्ही' आणि 'आपण' हा फरक हिंदीच्या 'हम'मध्ये नाही, वर 'आपण' ऐकल्यावर हिंदीतलं 'आप' आठवून मूल गोंधळू शकतं. 'चिमणी' आणि 'चूल' यांतला 'च' आपण वेगळा उच्चारतो, लिहितो मात्र एकाच अक्षराने. मराठी घरात वाढलेल्या शिक्षकाला या गोष्टी जाणवत नाहीत, कारण त्याला त्या कधी शिकाव्याच लागल्या नाहीत. एकाच वर्गातली दोन मुलं वेगवेगळ्या कारणांनी चुकतायत हे ओळखता येणं, हे शिकवता येण्याजोगं कौशल्य आहे. वक्तृत्वपूर्ण पीपीटीतून ते येत नाही.

साधनं अगदीच नाहीत असंही नाही. इतर माध्यमांच्या मुलांसाठी बालभारतीची 'सुलभभारती' पुस्तकं आहेत. आणि चऱ्होलीतून दिघी, विश्रांतवाडी करत येरवड्याकडे गेलात की डेक्कन कॉलेजच्या आवारात पश्चिम विभागीय भाषा केंद्र आहे. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाची अशी केंद्रं १९७० पासून सुरू झाली. इतर राज्यांतले सेवेतले शिक्षक तिथे येऊन दहा महिने पूर्णवेळ मराठी शिकतात. मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवण्याचा अर्ध्या शतकाचा अनुभव आपल्या शेजारी आहे. तो प्रौढांना शिकवण्याचा आहे, सात वर्षांच्या मुलाला जसाच्या तसा लागू होणार नाही, हे खरं. पण तो अनुभव प्राथमिक शिक्षकापर्यंत कसा आणता येईल, यावर कोणी प्रबंध लिहिला तर मी पहिल्या दिवशी वाचायला घेईन.

तुम्ही हे करणार असाल तर

टीका केली म्हणजे मार्ग सांगायची जबाबदारीही येते. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे गस्की यांनी २००० साली पाच स्तर मांडले: शिक्षकांची प्रतिक्रिया, त्यांचं शिकणं, शाळेचा पाठिंबा, वर्गातला वापर, आणि विद्यार्थ्यांचं शिकणं. सुरुवातीला वर्णन केलेले प्रबंध पहिल्या स्तरावर थांबतात. एकट्या पीएच.डी. विद्यार्थ्याला पाचही स्तर झेपणार नाहीत, ते ठीक आहे. पण किमान चौथ्यापर्यंत जा.

वर्गातला वापर मोजणं वाटतं तितकं अवघड नाही. परवानगी घेऊन पस्तीस मिनिटांच्या तासिकेचं ध्वनिमुद्रण करा. शिक्षक किती मिनिटं शिकवायच्या भाषेत बोलले? प्रश्न विचारल्यावर किती सेकंद थांबले? मुलांनी शिक्षकामागून म्हटलेली वाक्यं सोडून स्वतःची किती वाक्यं बोलली? चूक झाल्यावर शिक्षकाने काय केलं? प्रशिक्षणाआधी, लगेच नंतर, आणि पुन्हा चार महिन्यांनी. ही तिसरी वेळ सोडू नका. बराचसा उत्साह तिथेच गळतो.

नियंत्रित गट घ्या. एकाच गटाची पूर्वचाचणी-उत्तरचाचणी करून सार्थक फरक आला म्हणून आनंद मानू नका. मुलं वर्षभरात तशीही काहीतरी शिकतातच. सगळ्यात कमी गुणांच्या शाळा निवडल्या असतील तर पुढच्या चाचणीत त्या काही न करताही थोड्या वर सरकलेल्या दिसू शकतात.

आणि नमुना मोजताना हा हिशोब करा. समजा २० शिक्षक आणि प्रत्येकाच्या वर्गात ४० मुलं, एकूण ८००. प्रशिक्षण शिक्षकाला मिळालंय, आणि एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. हा सारखेपणा दाखवणारा सहसंबंध ०.२ धरला तर १ + (३९ × ०.२) = ८.८. ८०० ला ८.८ ने भागा: सुमारे ९१. तुमच्याकडे खरी माहिती ९१ मुलांइतकीच आहे. ८०० धरून काढलेलं t-मूल्य सार्थक दिसेल, पण ते तुम्हाला फसवेल. मुलं वाढवण्यापेक्षा शिक्षक आणि शाळा वाढवा. प्रत्येक वर्गातली दहाच मुलं तपासलीत तरी चालेल.

शेवटी, परिणाम दिसला नाही तर तसंच लिहा. बीजिंगच्या लोकांनी लिहिलं म्हणून आज आपल्याला त्यातून शिकता येतंय. प्रशिक्षणाला आलेला शिक्षक आपला रविवार किंवा सुट्टीचा आठवडा देऊन येतो. त्या वेळेतून त्याच्या वर्गात काही बदललं का, याचं खरं उत्तर त्याला मिळायला हवं. 'उपयुक्त वाटले' या शेऱ्यावर त्याची बोळवण होऊ नये.

या आठवड्यात एवढंच करा: शोधगंगेवरचा एक प्रबंध निवडा, त्याची साधनं आणि नमुना वाचा, आणि तो गस्कींच्या कोणत्या स्तरापर्यंत पोहोचलाय ते एका वाक्यात लिहून काढा. पुढच्या पोस्टमध्ये तासिकेच्या निरीक्षणासाठी साधं कोष्टक कसं तयार करायचं आणि दोन निरीक्षकांची मतं जुळतायत का ते कसं तपासायचं, हे बघू.